तारेत खोचलेल्या पट्ट्या

मे महिन्यात आमच्या बागेत दोन गोष्टी न बोलावता येतात. माकडं आणि सल्ला विचारायला आलेली पोरं. माकडांचं एक बरं असतं, आंबा खातात आणि पुढच्या कलमावर जातात. पोरं पडवीत बसतात, आंबा खातात आणि मग विचारतात, "काका, पुढे काय करू?"

यंदा आला तो माझा सख्खा भाचा, कणकवलीचा. नुकताच बीबीए झालाय. येताना बायोडेटा फोनमध्ये घेऊन आला होता. त्यात लीडरशिप होती, टीमवर्क होतं, कम्युनिकेशन स्किल्स तर दोनदा होती. त्याचा प्रश्न तयार होता. "मामा, एमबीए करू, की आधी नोकरी, की इथेच एखादं प्रोसेसिंग युनिट टाकू?"

मी म्हटलं, ते नंतर बघू. सकाळी मी फवारणीच्या पंपाशी झटत होतो तेव्हा रस्त्यावर गाडी थांबवून पुण्याची माणसं आंबा बघायला आली होती. त्यांना पेटीचा भाव काय सांगितलास?

"मी म्हटलं, मामा येऊन सांगतील."

"का? भाव ठाऊक होता ना तुला?"

"होता. पण असं एकदम कसं सांगायचं?"

ह्या 'असं एकदम कसं'ला मराठीत एक नेमका शब्द आहे. भीड. आणि तिच्या नात्यागोत्याची चौकशी आपल्या म्हातार्‍यांनी कधीच करून ठेवली आहे: भीड भिकेची बहीण. मला ही म्हण आजीकडून लहानपणीच मिळाली होती. तिचा अर्थ कळायला चाळिशी उलटावी लागली आणि बरेच पैसे पडले.

आमच्याकडे कोकणात भीड हा दुर्गुण मानत नाहीत. 'भिडस्त आहे हो' असं लग्न जुळवताना कौतुकाने सांगतात. दोन-चार पिढ्या घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर कुठल्या कचेरीत. त्याची मनीऑर्डर आली की इथली चूल पेटायची. चाकरमान्याचा भाव दुसर्‍याने ठरवायचा असतो. पगार किती, बोनस किती, रजा किती, सगळं वरून ठरून यायचं. आपल्या कामाची किंमत आपल्या तोंडाने उच्चारायची वेळच आली नाही, मग जीभ वळणार कशी? गंमत म्हणजे देवापुढे आम्हाला अजिबात भीड वाटत नाही. गार्‍हाणं घालताना बघा. याला मूल दे, त्याची केस सोडव, मुंबईच्या लेकराला खोली मिळू दे, एकेक कलम खणखणीत आवाजात, आणि मागून सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तोच गाव नाक्यावरच्या दुकानदाराकडून आपले पाचशे रुपये मागायचे तर चार दिवस घोळ घालतो.

मी कुणाला हसत नाही. १९९५ साली मी देवगडहून रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो, एका रंगाच्या कंपनीत मुलाखतीला. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण व्हायची होती, ती अख्ख्या मार्गावर धावली १९९८ च्या २६ जानेवारीला. तशीही ती पुण्याला जात नाही म्हणा. घाटात दोनदा उलटी झाली आणि तसाच, इस्त्री मोडलेल्या शर्टात, साहेबांपुढे बसलो. सगळं बरं चाललं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, पगाराची अपेक्षा काय? मी उत्तर दिलं, "आपण द्याल तो."

त्यांनी दिला. माझ्याच बरोबर, त्याच दिवशी, त्याच कामावर घेतलेल्या दोघांना माझ्यापेक्षा सातशे रुपये जास्त होते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. त्यांच्यापैकी एक लातूरचा होता. "अरे, मी आकडा सांगितला, त्यांनी थोडा कमी केला," एवढंच तो म्हणाला. त्या काळात सातशे रुपये म्हणजे माझं खोलीभाडं. आणि कंपनीने फसवलं असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मी मागितलंच नव्हतं. पुढे दरवर्षीची वाढ टक्क्यांत मिळाली आणि टक्के त्या कमी आकड्यावर चढत गेले. नोकरीला लागणार्‍या पोरांनी एवढं तरी करावं. मुलाखतीला जाण्याआधी त्या शहरात त्या कामाला काय मिळतं हे चार जणांना विचारावं आणि एक आकडा तोंडात घोळवून घोळवून मऊ करून न्यावा. आरशापुढे म्हणायला लागलं तरी चालेल. इंग्रजीची जेवढी धास्ती घेतात त्याच्या निम्म्याने याची घ्यावी. इंग्रजी दोन वर्षांत येतं.

नोकरीने मला सुधारलं ते विक्रीने नव्हे, वसुलीने. माझी लाइन सांगली, इस्लामपूर, कोल्हापूर. आमचे साहेब सातारकडचे, मोजकं बोलणारे. पहिल्याच फेरीआधी त्यांनी सांगितलं, "दुकानात शिरलास की आधी जुनं बिल काढायचं. नवी ऑर्डर मागाहून. उलटं केलंस तर मेलास." मी अर्थात उलटंच केलं. दुकानदाराने चहा मागवला, गाव विचारलं, हापूसची चौकशी केली, भली मोठी ऑर्डर लिहून दिली. आणि एवढी ऑर्डर दिलेल्या माणसापुढे जुनी बाकी काढायची मला लाज वाटली. तो हे ओळखून होता. पुढच्या मंगळवारी या, म्हणाला. तसे सात मंगळवार गेले.

वसुलीत माणसं दिसतात तशी दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. 'शेठ जेवायला गेलेत' हे सकाळी दहाला सांगणारा नोकर. पुढची तारीख घालून चेक देणारा आणि त्यावर सही मुद्दाम वाकडी करणारा. उलट इस्लामपूरचे एक म्हातारे दुकानदार होते, ते मला बघताच गल्ल्याखालची वही काढायचे आणि आकडा स्वतःच वाचून दाखवायचे. हळूहळू मला दुकानं वाचता यायला लागली. फळीवर पुढची डब्यांची रांग गच्च आणि मागे हात घातला तर पोकळी, असं दिसलं की समजायचं, या माणसाचं भांडवल आटलंय. हे वर्गात कुणी शिकवत असेल तर मला माहीत नाही. मी बोट घालून शिकलो.

पण खरं तर मी हे त्याच्याही आधी शिकायला हवं होतं, घरातच. आमच्या माजघरात दाराच्या मागे एक तार टांगलेली असे. तिला खोचलेल्या पट्ट्या. आंब्याच्या धंद्यात नसलेल्यांना सांगायला हवं. दलालाकडे पेट्या पाठवल्या की विक्री झाल्यावर तो हिशोबाचा कागद पाठवतो, ती पट्टी. तेव्हा दलाल क्रॉफर्ड मार्केटात असत, फळबाजार वाशीला गेला तो नंतर. पेटीवर आपला मार्क रंगवलेला असतो, त्या मार्काने पट्टी येते. आबा पट्टी आली की शेवटचा आकडा बघायचे, 'बरं' किंवा 'हूं' म्हणायचे आणि तारेत खोचायचे. त्याच्या वरचं त्यांनी कधी वाचलेलं मी पाहिलं नाही.

दहावीच्या सुट्टीत, १९८८ साली, कंटाळा घालवायला मी त्यातली एक काढून वाचली. ती माझ्याजवळ अजून आहे. वीस पेट्या, दर २१०, एकूण ४,२००. वजा अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, ३३६. वजा गाडीभाडं २४०. वजा हमाली, तोलाई वगैरे ६०. राहिले ३,५६४. त्यातून पावसाळ्यात घेतलेली उचल कापली १,५००. हातात २,०६४.

एवढं वाचून मी पुढचा उद्योग केला तो वहीच्या मागच्या पानावर. लाकडी पेटी आणि पेंढा, पेटीमागे २२. काढणी आणि भरणी १५. खत, तुडतुड्यांवरची फवारणी, राखणदार, हे सगळं पेट्यांवर वाटलं तर अंदाजे ८०. म्हणजे पेटीमागे ११७, वीस पेट्यांचे २,३४०. ते ३,५६४ मधून वजा केले तर उरले १,२२४. पेटीमागे जेमतेम ६१ रुपये. आणि यात आबांची वर्षभराची पायपीट धरलेली नाही, आई रात्री कंदिलाखाली आंबे निवडत बसायची ते धरलेलं नाही.

त्या पट्टीत हमालाचा खर्च होता, गाडीवाल्याचा होता, दलालाचा होता. आमचा नव्हता. कारण आमचा खर्च लिहिणं हे दलालाचं काम नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी तो कधी लिहिला नाही. मी आबांना वही दाखवली. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "एवढं खोलात गेलो तर बाग कोण करील?" हे उत्तर मला तेव्हा भाबडं वाटलं होतं. आता वाटतं, ते घाबरले होते. आकड्याकडे बघायचीही एक भीड असते.

(अडतीपुरतं सांगायचं तर, २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकर्‍याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. तेव्हापासून पट्टीतली ती ओळ कागदोपत्री गेली. दरात ती कुठे मुरली, हे ज्याने त्याने आपापल्या दलालाला विचारावं. भीड नसेल तर.)

इतकं सगळं शिकलेला माणूस २०१२ साली नोकरी सोडून गावी आला आणि कोकम सरबताचा धंदा सुरू केला, तर तो शहाण्यासारखा वागेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. कंपनीच्या पैशासाठी दुकानात ठाण मांडून बसणारा मी, स्वतःच्या पैशाची वेळ आली तेव्हा पुन्हा तोच देवगडचा भिडस्त झालो. कंपनीचा आकडा मागताना मागे कंपनी उभी असते. स्वतःचा आकडा मागताना मागे कुणीच नसतं.

मुंबईतल्या एका व्यापार्‍याने ६०० बाटल्या मागवल्या, ८५ रुपयांनी. ५१,००० चं बिल. माणूस शेजारच्या गावचा निघाला. आता गाववाल्याकडून ऑर्डर लिहून घ्यायची? मुदत विचारायची? "होऊन जाईल हो," तो म्हणाला, आणि मीही "होऊ दे सावकाश" म्हणालो. हे वाक्य मी का बोललो, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पाच महिन्यांनी २१२ बाटल्या परत आल्या, लेबलं उन्हाने विटलेली. उरलेल्या ३२,९८० पैकी दहा हजार मिळाले, तेही दोन गणपती गेल्यावर. बाकीचे त्याच्या लेखी 'होऊन' गेले असावेत.

कायदा त्या वेळीही होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात लिहिलेलं आहे की लहान उत्पादकाचा माल घेतला तर पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्यासाठी आपली नोंदणी हवी, ती माझी नव्हती. आता 'उद्यम' नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते, २०२० च्या जुलैपासून. एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही मेख मारली आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. अर्थात नुसती घाऊक खरेदी-विक्री करणार्‍याला ४५ दिवसांचं हे कवच नाही, स्वतः माल बनवणार्‍याला किंवा सेवा देणार्‍याला आहे.

तक्रार करायला सहसा कुणी जात नाही. मीही गेलेलो नाही, रोजच्या गिर्‍हाईकाशी कोर्टकज्जा कोण करणार. पण मी बिलावर दोन ओळी छापून घेतल्या. एक उद्यम क्रमांकाची आणि एक मुदतीची. आमच्यासारख्या भिडस्तांना याचा खरा उपयोग वेगळाच आहे. मागायचं काम कागद करतो. आपण फक्त कागदाकडे बोट दाखवायचं.

भाव सांगायला मात्र मला कागदाने शिकवलं नाही. ते एका मासेवाल्या काकींनी शिकवलं. मुंबईहून परत आलेल्या त्या बाटल्या संपवायला मी मे महिन्यात जेटीच्या रस्त्यावर टेबल मांडून बसलो होतो. पर्यटकांची गर्दी. शेजारी काकी इसवण आणि बांगडे घेऊन. कुणी बाटली उचलून भाव विचारला की मी म्हणायचो, "एकशे वीस... पण तुम्हाला शंभरला देतो." समोरच्याने तोंडही उघडलेलं नसायचं. असं चार-पाचदा झाल्यावर काकींचा संयम संपला.

"झिला, तो काय बोललो?"

"कोण? काही नाही बोलला."

"मगे वीस रुपये कोणाक सोडलंस? भाव सांगलंस ना? मगे गप रव! लाज कित्याक वाटता तुका? चोरून हाडलंस काय?"

मग मी दिवसभर त्यांना बघत बसलो. गिर्‍हाईक विचारायचं, त्या भाव सांगायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. माशावर पाणी मारायच्या. मांजराला हाकलायच्या. गिर्‍हाईक 'महाग आहे' म्हणालं तर 'होय' म्हणायच्या, वाद नाही, खुलासा नाही. कधी उतरायच्या, पण ते समोरच्याने काही बोलल्यावर, आणि उतरलेला आकडासुद्धा त्यांनी आधीच ठरवलेला असावा असं वाटे. दुपारनंतर मात्र, बर्फ वितळायला लागला की, त्या भराभर उतरत. तिथे भीड नव्हती तशी अढीही नव्हती. मासा उद्यापर्यंत थांबत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. कोकणातला माणूस भिडस्त असं मी मघाशी सरसकट लिहिलं, ते खरं तर आम्हा बागायतदार घरांपुरतंच. रापणीचं जाळं ओढून किनार्‍यावर आल्यावर वाटे कसे पडतात ते कधी बघा. जाळ्याचे वाटे, ओढणार्‍यांचे वाटे, सगळ्यांदेखत वाळूवर. कुणाला कमी पडलं तर तो तिथेच बोलतो, घरी जाऊन मनात ठेवत नाही.

तर भाचा. पडवीत बसून त्याने हे सगळं ऐकलं, मधून फोनही बघितला. मग त्याने युनिटचा कागद काढला, कोकम सरबताच्याच. मशीन अमुक, शेड तमुक, आणि खाली ठळक अक्षरात अनुदान. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, हे त्याला बरोबर पाठ होतं. पण हे अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच वेगळं पडून राहतं आणि कर्ज नीट चाललं तरच खात्यात वळतं होतं, हे त्याने वाचलं नव्हतं. आणि त्या आख्ख्या कागदावर एक ओळ कुठेच नव्हती. खेळतं भांडवल.

"रातांबे कधी येतात?" मी विचारलं. रातांबे म्हणजे कोकमाची फळं.

"एप्रिल-मे."

"पाऊस पडला की?"

"संपले."

"म्हणजे वर्षाचा कच्चा माल दीड महिन्यात घ्यायचा, रोख. साखर रोख, बाटल्या रोख. आणि सरबत खपतं कधी? पुढच्या उन्हाळ्यात. मधले दहा महिने पैसा कुठे आहे?"

तो कागदाकडे बघत राहिला. आमचे आबा वहीकडे बघत बसले होते, तसाच. फरक एवढाच की याने पेन मागितलं.

एमबीएला माझा विरोध नाही. चांगल्या ठिकाणी मिळत असेल तर करावं. फी कर्ज काढून भरायची असेल तर तीही पट्टीसारखी वरपासून खालपर्यंत वाचावी. पण आधी दोन वर्षं अशी नोकरी कर म्हटलं, जिथे माल खपवून पैसे आणावे लागतात. ऑफिसातल्या स्लाइड नंतर. त्याचा चेहरा पडला. पोरांना सल्ला हवा असतो तो त्यांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीला, हे मलाही माहीत आहे. मीही असाच होतो.

मग मी त्याला दहा पेट्या दिल्या. तूच विक, म्हटलं. भाव तू ठरव, पण आधी खर्च लिहून काढ, तुझ्या वेळेसकट. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे देवगडच्या नावावर दुसरीकडचा आंबा खपवणार्‍यांना बोलायला आपल्याला एक आधार झाला, पण भाव काही मानांकन सांगत नाही. तो आपणच सांगायचा. त्याने संध्याकाळपर्यंत हिशोब केला, दोनदा खोडला, आणि आकडा काढला २,५०० रुपये, पाच डझनाची पेटी.

रात्री त्याने कोल्हापूरच्या एका बाईंना फोन लावला, मित्राची मावशी कुणीतरी. स्पीकर चालू. आंब्याचं वर्णन छान केलं. बिनरसायनाचा वगैरे म्हणायला निघाला होता, मी डोळे वटारले, कारण तो नव्हता. मग बाईंनी विचारलं, "कशी दिलीत पेटी?"

"अडीच हजार," तो म्हणाला.

पलीकडे शांतता. त्याचे ओठ हलले. 'पण तुम्हाला' त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. त्याने स्वतःचाच हात तोंडावर धरला, अगदी लहान मुलासारखा, आणि माझ्याकडे बघत बसला. पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"दोन पाठवा," बाई म्हणाल्या. "परवा मिळतील ना?"

"हो हो, नक्की!" म्हणून त्याने फोन ठेवला आणि उडीच मारली. बहिणीला हाक मारली, आजीला सांगितलं, स्टेटसला टाकलं. पाचेक मिनिटांनी पडवीत परत आला तेव्हा चेहरा जरा बारीक झाला होता.

"मामा, ट्रॅव्हल्सचं भाडं कोणी द्यायचं, ते विचारायचंच राहिलं. आता परत फोन करू? बरं दिसेल का?"